प्रतिकृतीतील अटकाव : जुन्या बंदुकांच्या आधुनिक नकला आणि सुरक्षेची कल्पना

शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मारक्षमतेकडे असते. नळी किती लांब, गोळी किती दूर जाई, मिनिटास किती बार होत, ह्या गोष्टींची नोंद काळजीपूर्वक केली जाते. नको त्या वेळी शस्त्र उडू नये म्हणून कोणती योजना केली होती, ह्या प्रश्नाकडे त्या मानाने कमी पाहिले गेले आहे. वास्तविक कोणतीही बंदूक तिच्या आयुष्यातील फारच थोडा काळ उडत असते. उरलेला सर्व काळ ती कोणाच्या कमरेला, खांद्याला किंवा खोगिराला नुसती असते. तेव्हा शस्त्र आणि समाज ह्यांचा संबंध पाहावयाचा असेल, तर बाराइतकाच अटकावाचाही इतिहास तपासला पाहिजे.

ह्या इतिहासाला अलीकडच्या एका वादामुळे विशेष महत्त्व आले आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रिव्हॉल्व्हर व लिव्हरच्या बंदुका ह्यांच्या नव्याने बनविलेल्या प्रतिकृती वापरणारा मोठा वर्ग आहे. ह्या वर्गाची जुनी तक्रार अशी की, बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या ह्या वस्तूंत मूळ नमुन्यात कधीच नसलेले खटके, खिळी व कुलपे घातलेली असतात, त्यांमुळे वस्तूचे रूप बिघडते, चाल बदलते आणि प्रसंगी बारही फसतो. ही केवळ छंदिष्टांची कुरकुर आहे असे मानून तिची वासलात लावणे सोपे आहे. तितकेच सोपे आहे ती सर्वस्वी मान्य करणे. दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. कोणत्या प्रतिकृतीत अटकाव आला आणि कोणत्या प्रतिकृतीत आला नाही, आणि असे का? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसते की, अटकावाची जागा पुष्कळदा धोक्याच्या प्रमाणावरून ठरलेली नाही. ती वस्तू कायद्याच्या कोणत्या दारातून आत आली ह्यावरून ठरलेली आहे.

१. मूळ नमुन्यांतील योजना

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत बंदुकीच्या चापावर बोट ठेवले की 'घोडा' पडतो. तोड्याच्या, चकमकीच्या आणि ठासणीच्या बंदुकीपासून चालत आलेले हे शब्द येथे तसेच वापरले आहेत. इंग्रजीत ह्याच भागाला आधी कोंबड्याचे नाव होते. पुढे ठासणीच्या काळात हातोड्याचे आले. कोंबड्याचे नाव मात्र क्रियापदात टिकून राहिले, आणि घोडा अर्धा चढविलेला असताना बार होणे म्हणजे पूर्ण तयारीपूर्वीच घाईने कृती करणे, असा वाक्प्रचार त्या भाषेत रूढ झाला. चकमकीच्या बंदुकीत घोडा अर्धा चढविला की तो एका खोल खाचेत अडके व चाप दाबूनही पडत नसे. ही खाच म्हणजे शस्त्राच्या अंगातच असलेला अटकाव होय. ती झिजली किंवा तुटली की काय होई, ह्याची साक्ष तो वाक्प्रचारच देतो.

सॅम्युएल कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक योजना आढळते. चक्राच्या मागील बाजूस दोन कोठ्यांच्या मधोमध बारीक खुंट्या बसविलेल्या असत आणि घोड्याच्या तोंडातील खाच त्या खुंटीवर टेकवून ठेवता येई. त्यामुळे सहाही कोठ्या भरलेल्या असताना घोडा केपवर न टेकता दोन केपांच्या मध्ये विसावत असे. रेमिंग्टनच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हेच काम चक्राच्या कडेला कोरलेल्या खाचांनी होई.

१८७३ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले कोल्टचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर हे ह्यानंतरचे पाऊल. ते धातूच्या काडतुसाचे होते. भरणे सोपे झाले, दारू ओली होण्याची भीती गेली. परंतु ह्या प्रगतीत मधल्या खुंट्यांची सोय नाहीशी झाली. आघात करणारी कील घोड्याच्या तोंडालाच बसविलेली होती, आणि घोडा पूर्ण खाली असता ती सरळ काडतुसाच्या पेंदावर टेके. ह्यावर उपाय म्हणून घोड्याला एक सुरक्षा-खाच दिली होती. घोडा किंचित मागे ओढला की चापाचे टोक तिच्यात बसे. मात्र हे टोक नाजूक असे, आणि रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटले तर ते किंवा खाचेची कड तुटू शके. म्हणून एक कोठी रिकामी ठेवून घोडा तिच्यावर टेकविण्याची रीत सांगितली जाऊ लागली. एक काडतूस भरावयाचे, एक कोठी सोडावयाची, पुढील चार भरावयाच्या, मग घोडा पूर्ण चढवून हळूच उतरवावयाचा. असे केले असता घोडा बरोबर रिकाम्या कोठीवर येतो.

ही रीत तत्कालीन लोक कितपत पाळीत, हा प्रश्न वेगळा. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्सासमधील विचिटा येथे पोलिसात असलेले वायट अर्प खुर्चीत मागे रेलले असता त्यांचे रिव्हॉल्व्हर म्यानातून खाली पडले. घोडा भरलेल्या कोठीवर टेकलेला होता; बार झाला आणि गोळी त्यांच्या कोटातून गेली. 'विचिटा बीकन' ह्या स्थानिक पत्राने ती हकीकत त्याच महिन्यात छापली. पुढे १९३१ मध्ये स्टुअर्ट लेक ह्यांनी लिहिलेल्या अर्प ह्यांच्या चरित्रात मात्र पाचच काडतुसे भरण्याचा दंडक त्यांच्याच तोंडी घातलेला आढळतो. ह्या चरित्राच्या विश्वसनीयतेवर इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. तथापि दोन्ही साधने शेजारी ठेवली असता एक गोष्ट लक्षात येते. जुन्या पिढीची शिस्त म्हणून जी सांगितली जाते, तिच्यातील काही भाग अपघातांतून शिकलेला आहे आणि काही भाग नंतरच्या आठवणींनी घडविलेला आहे. यंत्रात अटकाव नव्हता, पण प्रत्येकाच्या हातात शिस्त होती, हे गृहीत धरून आधुनिक प्रतिकृतींना दोष देणे त्यामुळे कठीण होते.

२. यांत्रिक अटकाव आधुनिकच काय?

तक्रार करणाऱ्यांचे दुसरे गृहीत असे की, यांत्रिक सुरक्षेचा सोस हा विसाव्या शतकाच्या अखेरीचा. हेही तपासून पाहण्यासारखे आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलेल्या एका लहान रिव्हॉल्व्हरच्या नावातच 'सेफ्टी' हा शब्द होता. त्याचा घोडा कवचाच्या आत झाकलेला असे आणि मुठीमागील पट्टी तळहाताने दाबल्याखेरीज चाप हलत नसे. मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन कंपनीने तर १८९० नंतरच्या दशकात अशी रचना आणली की, घोडा आघातकिलीला प्रत्यक्ष भिडतच नसे. चाप पूर्ण ओढला तरच एक पट्टी वर सरके आणि घोड्याचा ठोका त्या पट्टीवाटे किलीपर्यंत पोचे. चाप सोडलेला असताना घोड्यावर हातोडा मारला तरी बार होत नाही, ही ह्या कंपनीची जाहिरात विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघरी माहीत होती.

ह्याचा अर्थ असा की, ठोका वाहून नेणारी ही पट्टी कोल्टच्या १८७३ च्या नमुन्याहून जेमतेम दोन दशकांनी लहान आहे. ती त्या काळाला परकी नाही. त्या विशिष्ट रिव्हॉल्व्हरला परकी आहे. सुरक्षेचे यंत्र तेव्हाही विकत मिळत होते. घराच्या खणात ठेवावयाच्या पिस्तुलात ग्राहक ते मागत, आणि सैनिकाच्या किंवा गुराख्याच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते कोणी फारसे मागत नसे. अटकाव असावा की नसावा ही निवड तेव्हा विकत घेणाराची होती, आणि पुढील काळात जो बदल झाला तो मुख्यतः ह्या निवडीच्या बाबतीत झाला.

३. कायद्याची निरनिराळी दारे

प्रतिकृतींचा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये सुरू व्हावयाची होती. ती जवळ येताच जुन्या नमुन्यांची मागणी वाढली आणि न्यू जर्सीतील व्हॅल फॉर्जेट ह्यांनी उत्तर इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया येथील कारागिरांकडून ती भागविण्यास आरंभ केला. ब्रेशिया प्रांतातील हे खोरे शतकानुशतके बंदुकांच्या नळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. आल्दो उबेर्ती ह्यांनी १९५९ मध्ये तेथे आपला कारखाना काढला, आणि कोल्टचा १८५१ चा 'नेव्ही' नमुना हे त्यांचे पहिले काम होते. टेलिव्हिजनवरील पश्चिमी कथांनी ह्या मागणीत भर घातली. कोल्ट कंपनीनेही युद्धापूर्वी बंद केलेले आपले १८७३ चे रिव्हॉल्व्हर १९५६ मध्ये पुन्हा काढले. कनेक्टिकटमधील स्टर्म, रुगर कंपनीने १९५३ व १९५५ मध्ये त्याच धाटणीची, पण स्वतःच्या रचनेची रिव्हॉल्व्हरे आणली.

ह्या चार मालांचे पुढे काय झाले, ते क्रमाने पाहिले असता प्रस्तुत विषयाचे मर्म हाती येते.

पहिला माल इटालियन ठासणीच्या प्रतिकृतींचा. अमेरिकेच्या १९६८ च्या 'गन कंट्रोल ॲक्ट'ने १८९८ पर्यंतची शस्त्रे आणि रूढ धातूचे काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती ह्यांना पुराणवस्तू म्हणून वगळले. त्यामुळे १८५१ च्या नमुन्याची नक्कल कोणत्याही नव्या अटकावाशिवाय, मूळच्या खुंट्यांसह होत राहिली.

दुसरा माल इटालियन काडतुसी प्रतिकृतींचा. त्याच कायद्याने परदेशी पिस्तुलांची आयात क्रीडोपयोगी वस्तूंपुरती मर्यादित केली. ह्या नियमाचा रोख स्वस्त व लहान पिस्तुलांवर होता. परंतु त्यासाठी केलेल्या कसोटीत प्रत्येक आयात रिव्हॉल्व्हरला सुरक्षा-परीक्षा आवश्यक ठरली. घोडा काडतुसापासून दूर ठेवणारी योजना असली पाहिजे, आणि रिव्हॉल्व्हरच्या स्वतःच्या वजनाइतके वजन छत्तीस इंचांवरून घोड्याच्या पाठीवर पाच वेळा पडले तरी ती टिकली पाहिजे, अशी ती परीक्षा आहे. घोडा हाताने चढवावयाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही योजना हाताने लावावयाची असली तरी चालते. इटालियन कारागिरांनी ह्यावर काढलेला तोडगा साधा होता. चक्राचा आस थोडा लांब करून त्याला दोन खाचा दिल्या. आस दुसऱ्या खाचेपर्यंत आत दाबला की त्याचे टोक मागे निघून घोड्याला अडविते. अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात, उबेर्तीच्या काही नमुन्यांत घोड्याच्या तोंडातील कीलच आत सरकणारी करण्यात आली.

तिसरा माल खुद्द कोल्टचा. तो देशातच बनत असल्याने आयातीच्या कसोटीचा त्याला स्पर्श झाला नाही. १९७६ पासून काढलेल्या तिसऱ्या मालिकेतही घोड्याच्या तोंडावरील स्थिर कील व जुनी सुरक्षा-खाच कायम राहिली.

चौथा माल रुगरचा. त्याच्यावर आयातीचे बंधन नव्हते. त्याच्या दारात उभी राहिली ती दिवाणी न्यायालये. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका सुतारी यंत्राच्या प्रकरणात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची कडक जबाबदारी मान्य केली, आणि १९६५ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने हे तत्त्व आपल्या संहितेत घातले. १९७२ मध्ये ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेसाठी जो केंद्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या अधिकारातून मात्र बंदुका वगळल्या गेल्या. परिणामी देशी बंदुकीची रचना सुरक्षित आहे की नाही हे ठरविणारी अधिकृत संस्था उरली नाही, आणि ते काम जखमी माणसांच्या दाव्यांवर येऊन पडले. रुगरने १९७३ मध्ये आपल्या एकेरी चालीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ठोका वाहून नेणारी पट्टी घातली. १९७९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने रुगरच्या जुन्या रचनेच्या रिव्हॉल्व्हरच्या बाराने जखमी झालेल्या इसमाच्या दाव्यात उत्पादकाची जबाबदारी मान्य केली आणि अशा प्रकरणी दंडात्मक भरपाईही देता येते, असे मत दिले. १९८२ पासून कंपनी जुनी रिव्हॉल्व्हरे विनामूल्य बदलून देत आली आहे. मालकाला काढलेले जुने भागही परत मिळतात, आणि तरीही न बदललेल्या रिव्हॉल्व्हरला संग्राहकांत अधिक किंमत येते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हेगारी वापराबद्दलच्या दाव्यांपासून उत्पादकांना संरक्षण दिले; रचनेतील दोषाबद्दलचे दावे त्यातून वगळलेले आहेत.

चार माल आणि चार निरनिराळे परिणाम. गार्दोनेतील एकाच कारखान्यात, शेजारच्या दोन बाकांवर, एक रिव्हॉल्व्हर निर्वेध आणि दुसरे अटकावासह बनते. इटलीत बनलेल्या नकलेत असलेला अटकाव अमेरिकेत बनलेल्या अस्सलात नसतो, आणि खाली पडले असता धोका मात्र दोहोंतही सारखाच. प्रतिकृतींतील अटकावांचा नकाशा हा ह्याप्रमाणे पुष्कळ अंशी कायद्याच्या विभागांचा नकाशा आहे.

४. तक्रारीचे दोन भाग

आता तक्रारीकडे परत वळता येईल. तिच्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

रुगरची पट्टी आत लपलेली आहे. ती माणसाकडून काही मागत नाही, विसरली जाऊ शकत नाही, आणि मूळ नमुन्यातील खऱ्या उणिवेवर इलाज करते. तिच्याविरुद्धचा आक्षेप मुख्यतः चालीचा आहे. कोल्टच्या घोड्याचे चढताना चार आवाज होतात व अर्ध्या खाचेवर चक्र मोकळे होते. नव्या रुगरमध्ये अर्धी खाच नाही आणि चक्र झाकण उघडल्याने मोकळे होते. जुनी चाल शिकू इच्छिणाऱ्यास ही उणीव खरी आहे. परंतु पडून सुटणाऱ्या बाराने मेलेल्या माणसाच्या तुलनेत तिचे वजन किती मानावयाचे, ह्याचे उत्तर देणे अवघड नाही.

लिव्हरच्या बंदुकांची गोष्ट निराळी आहे. जॉन ब्राउनिंग ह्यांनी रचलेली विंचेस्टरची १८९४ ची बंदूक जवळजवळ शंभर वर्षे घोड्याच्या अर्ध्या खाचेवर चालली. १९८० नंतरच्या दशकात तिचा घोडा पडल्यावर आपोआप किंचित मागे सरकणारा झाला. १९९२ मध्ये बाजूने आरपार जाणारा दाबखटका आला आणि २००३ मध्ये तो काढून दस्त्याच्या मानेवर सरकता खटका बसविण्यात आला. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडला. त्यानंतर जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनलेल्या नव्या बंदुकांतही मानेवरचा खटका राहिला. ब्राझीलच्या रोसीने आपल्या १८९२ च्या नकलेत तो बोल्टच्या माथ्यावर बसविला.

ह्या खटक्यांच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. लिव्हरच्या बंदुकीत भरलेल्या काडतुसावर घोडा अंगठ्याने उतरविताना अंगठा निसटू शकतो, आणि बंदूक रिकामी करताना प्रत्येक काडतूस नळीत जाऊन बाहेर यावे लागते. त्या वेळी खटका लावलेला असणे उपकारक होय. उलट मुद्दाही तितकाच खरा आहे. दाबखटका लावलेला असताना घोडा चढतो, चाप दबतो, घोडा पडतो, पण बार होत नाही. शस्त्र तयार असल्याचे प्रत्येक बाह्य लक्षण देऊनही ते तयार नसते. अर्धी खाच असे कधी करीत नव्हती. घोडा कोठे आहे हे डोळ्यास दिसे व अंगठ्यास कळे. एकाच बंदुकीत आपोआप मागे सरणारा घोडा आणि त्यावर हाताचा खटका अशी दुहेरी योजना आली, की तीतून किती संरक्षण वाढले आणि किती संदिग्धता, हा प्रश्न रास्त ठरतो. अतिरेकाची तक्रार येथे बळकट आहे. तीवरचा लोकांनी काढलेला इलाज मात्र, म्हणजे खटका काढून त्या भोकात बूच बसविणे, हा कारखान्याने एकत्र विचार करून केलेल्या रचनेतील एकच दुवा काढून टाकणारा असल्याने जुनी बंदूकही परत देत नाही आणि नवीही राखत नाही.

५. शब्द आणि वस्तू

ह्या सर्व घडामोडींचा ठसा शब्दावरही उमटलेला आहे. इंग्रजीतील 'सेफ्टी' हे मुळात अवस्थेचे नाम. माणूस किंवा वस्तू सुरक्षित असणे एवढाच त्याचा अर्थ. पुढे ते व्यापारी नावांत विशेषण म्हणून आले आणि नंतर एका सुट्या भागाचे नाव झाले. आज बंदुकीला एक 'सेफ्टी' आहे की दोन, असे मोजून विचारता येते. जी गोष्ट पाळावयाची होती ती बसविण्याजोगी झाली. मराठीत 'सुरक्षा' शब्दाला हे वळण लागलेले नाही; भागासाठी आपण 'खटका' किंवा 'अटकाव' म्हणतो, आणि त्यामुळे अवस्था व यंत्र ह्यांतील भेद आपोआप राखला जातो.

हा भेद व्यवहारातही उरला आहे. जुन्या वेषात व जुन्या धाटणीच्या शस्त्रांनी नेमबाजीचे सामने भरविणारी 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरावयाची असतात आणि घोडा रिकाम्या कोठीवर ठेवावा लागतो. हा नियम जुन्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरला लागू आहे, तसाच ठोक्याची पट्टी असलेल्या नव्या रिव्हॉल्व्हरलाही. यंत्राने अनावश्यक ठरविलेली रीत संस्थेने मुद्दाम चालू ठेवली आहे, कारण मैदानावर कोणाच्या हातात कोणती रचना आहे हे बाहेरून ओळखता येत नाही आणि सर्वांची सवय मात्र एकसारखी करता येते.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्यातून घ्यावयाचा बोध पद्धतीचा आहे. जुनी हत्यारे प्रत्यक्ष वापरून जुन्या काळाविषयी अनुमाने काढण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, आणि अस्सल वस्तू दुर्मिळ व मोलाच्या असल्याने असे प्रयोग बहुधा प्रतिकृतींवर होतात. प्रतिकृतीवर मोजलेला भरण्याचा वेळ, चापाचा जडपणा किंवा फसलेल्या बारांची संख्या १८७३ च्या किंवा १८९४ च्या नावावर मांडण्यापूर्वी, त्या प्रतिकृतीचा कोणता भाग कोणत्या सालचा आहे हे लिहिले गेले पाहिजे. उबेर्तीच्या रिव्हॉल्व्हरची नळी व चक्र एकोणिसाव्या शतकाविषयी पुष्कळ सांगतील. त्याचा लांब आस १९६८ विषयी सांगेल. संग्रहालयाच्या नोंदवहीत ह्या दोन्ही तारखांना जागा असावयास हवी.